प्रीडायबेटिस आणि ताटातली कर्बोदकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या रिपोर्टवर ‘प्रीडायबेटिस’ (मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा) असा शेरा आलाय आणि ज्यांना ‘गोड कमी करा, चालायला जा’ एवढंच सांगून घरी पाठवलंय, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणं मराठी घरातल्या रोजच्या जेवणाची आहेत. साखरेची औषधं किंवा इन्सुलिन सुरू असेल, गरोदरपण असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर यातला कुठलाही बदल आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

माझा एचबीए१सी ५.९ आलाय. म्हणजे मला डायबेटिस झाला का?

नाही. एचबीए१सी म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ती ५.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस आणि ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह. उपाशीपोटीच्या साखरेत १०० ते १२५ हा प्रीडायबेटिसचा पट्टा, १२६ पासून मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या चाचणीत १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटिस.

एक गोष्ट लक्षात असू द्या. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल, तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया इतका आहे की नुसत्या या एका आकड्यावर विसंबू नये. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि उपाशीपोटीची साखरही बघा. थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तरीही हा आकडा फसवतो.

‘बॉर्डरलाइन’च आहे ना? मग एवढं मनावर घ्यायचं कारण काय?

कारण याच टप्प्यावर केलेल्या बदलाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे पाहा: भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आणि प्रीडायबेटिसवाले सुमारे १३ कोटी ६० लाख. म्हणजे उंबरठ्यावर उभे असलेले लोक घरात शिरलेल्यांपेक्षा जास्त आहेत.

आणि आपल्याकडे हा उंबरठा लवकर ओलांडला जातो. चेन्नईत ५३१ प्रीडायबेटिक लोकांवर तीन वर्षं एक अभ्यास झाला, तो २००६ मध्ये छापून आला. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्यापिण्यात आणि हालचालीत नीट पाठपुरावा करून बदल घडवला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन ७ टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढ्यावर मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला होता. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. आपल्या लोकांत फायदा तुलनेने कमी दिसला, पण शंभरांमागे सोळा माणसं मधुमेहापासून लांब राहिली, ही मला तरी फार मोठी गोष्ट वाटते.

मी बारीक आहे, गोडही फार खात नाही. मला कसं काय?

हा प्रश्न विचारणारी माणसं खरोखर गोंधळलेली असतात, आणि त्यांचा गोंधळ रास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) बरोबर २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे होते.

आपल्या लोकांत स्नायू कमी आणि पोटाच्या आत, यकृताभोवती चरबी जास्त, असं पुष्कळदा आढळतं. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. घरात शिवणाची टेप असेल तर ती बेंबीच्या पातळीवर गुंडाळून मोजा. वजनापेक्षा तो आकडा तुम्हाला जास्त सांगेल.

गोड न खाण्याबद्दल म्हणाल, तर पुढचा प्रश्न वाचा.

कर्बोदकं म्हणजे साखरच ना?

साखर हा त्यातला एक प्रकार. पोळी, भाकरी, भात, पोहे, रवा, मैदा, साबुदाणा, बटाटा, रताळं यांच्यातला पिष्टांशही (स्टार्च) पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो. फळांत, दुधात, डाळीतही कर्बोदकं आहेत. फरक एवढाच की डाळीत सोबत प्रथिनं आणि तंतू असतात, त्यामुळे साखर सावकाश चढते.

म्हणजे एखाद्याने आयुष्यात पेढा खाल्ला नाही, पण दोन्ही वेळा तीन पोळ्या आणि वर भात असं जेवण असेल, तर त्याच्या शरीराला ग्लुकोजचा मोठा लोंढा रोज सांभाळावा लागतो. तरुणपणी, शेतात किंवा कारखान्यात अंगमेहनत करताना तो निभावतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला पन्नाशीत तो जड जातो.

मग दिवसाला किती कर्बोदकं खायची?

भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी (कॅलरी) सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असं इंडियाबच्याच माहितीवरून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं. त्याच गटाने २०२२ मध्ये गणित मांडून सांगितलं होतं की प्रीडायबेटिसमधून नॉर्मलकडे परतण्यासाठी कर्बोदकं ५० ते ५६ टक्के आणि प्रथिनं १८ ते २० टक्के असावीत. म्हणजे फार टोकाचं काही नाही. दहा टक्क्यांच्या आसपास कपात आणि ती जागा प्रथिनांना.

बैठं काम करणाऱ्या, दिवसाला १६०० ते १८०० कॅलरी लागणाऱ्या माणसाचा हिशेब मांडला तर हे साधारण २०० ते २५० ग्रॅम होतात. तीन जेवणांत प्रत्येकी ५० ते ६० आणि उरलेले चहा, दूध, फळ यांच्यासाठी ठेवले की झालं. रोज ग्रॅम मोजत बसा असं मी सांगणार नाही. पण एकदा, फक्त एकदा, आपल्या घरचं ताट मोजून पाहाच.

घडीची एक पोळी करायला साधारण ३५ ग्रॅम कणीक लागते, त्यात २२ ग्रॅम कर्बोदकं. तीन पोळ्यांचे ६६. वर वाटीभर भात, त्याचे ३५. बटाट्याची भाजी असेल तर १५ ते २०. पातळ वरणाचे १०. एका जेवणात १२५ च्या पुढे गेलो, आणि अजून गोडाचा घासही घेतलेला नाही.

आम्ही गव्हाची पोळी बंद करून ज्वारीच्या भाकरीवर आलो. आता प्रश्न सुटला ना?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यांत शंभर ग्रॅममागे कर्बोदकं अशी आहेत: तांदूळ ७८ ग्रॅम, ज्वारी ६८, नाचणी ६७, कणीक ६४, बाजरी ६२. ज्वारी आणि गव्हात किती फरक आहे ते तुम्हीच बघा. तंतूही ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चाळणी न लावलेली कणीक या सगळ्यांत १० ते ११ ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात मात्र तीनाच्याही आत.

आता आकाराचं पाहू. भाकरीला पीठ ७० ते ८० ग्रॅम लागतं. म्हणजे एका भाकरीतून पन्नास ग्रॅम कर्बोदकं. छोटा फुलका २५ ग्रॅम कणकेचा असतो, त्यात १६. एक भाकरी म्हणजे तीन फुलके. दोन भाकऱ्या खाऊन ‘मी आता पोळी सोडली’ म्हणणाऱ्या माणसाने सहा फुलके खाल्लेले असतात.

२०२५ च्या त्या विश्लेषणात सुमारे १८ हजार प्रौढांचा आहार तपासला गेला. त्यात हेच दिसलं की भात किंवा मैद्याच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाच्या धोक्यात फरक दिसत नाही. फरक दिसला तो कर्बोदकांतले पाच टक्के उष्मांक डाळी-कडधान्यं आणि दुधाच्या प्रथिनांकडे वळवले तेव्हा.

ज्वारी वाईट आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. मला भाकरी प्रिय आहे. ती चावून खावी लागते, पोट भरतं, लोह आणि इतर खनिजं मिळतात. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातलं जेवण ज्वारीवर पोसलेलं आहे आणि ते सोडायचं कारण नाही. पण भाकरी अर्धी करा आणि शेजारी पिठलं किंवा उसळ दुप्पट घ्या. धान्य बदलण्यापेक्षा धान्य कमी करणं महत्त्वाचं.

नाचणीबद्दल वेगळं सांगते. नाचणीची भाकरी ठीक. नाचणी सत्त्व मात्र भिजवून, मोड आणून, दळून, गाळून केलेलं असतं. त्यातले तंतू गाळणीवर राहतात. त्याची पातळ खीर बाळासाठी उत्तम, पण तुमची साखर ती पटकन वर नेईल.

मग ताट वाढायचं कसं?

आपल्याकडे ताटाचा मध्य पोळी-भाताचा आणि भाजी, कोशिंबीर कडेला. तोंडी लावणं म्हणतो ना आपण. तोंडी लावण्याने ताटाचा निम्मा भाग व्यापायचा, हा पहिला बदल. दोन वाट्या पालेभाजी किंवा फळभाजी: मेथी, शेपू, चवळई, दुधी, दोडका, भेंडी, कोबी, गवार, घेवडा. बटाटा, रताळं, सुरण, अरवी यांना भाजीत धरू नका, त्यांची गणती धान्यात.

पाव भाग प्रथिनांचा. दाट वरण, मटकी-मूग-चवळीची उसळ, पिठलं, झुणका, पनीर, अंडं, मासा, चिकन. वरण दाट असावं हे मुद्दाम लिहिते, कारण घराघरांत वरणाच्या नावाखाली हळदीचं पाणी असतं. माणशी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम डाळ पडली पाहिजे. तेवढ्या डाळीत ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात.

उरलेला पाव भाग धान्याचा: दोन फुलके, किंवा अर्धी-पाऊण भाकरी, किंवा एक वाटी भात. यातलं एकच. ‘पोळी झाली, आता भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही’ ही सवय मोडणं सगळ्यात अवघड जातं. ज्यांना ती मोडवत नाही त्यांनी एक फुलका आणि अर्धी वाटी भात घ्यावा, मनाची समजूतही निघते आणि हिशेबही राहतो.

अशा ताटात कर्बोदकं साठच्या आसपास भरतात. आधीच्या ताटाच्या निम्मी, आणि पोट रिकामं राहत नाही. पहिले आठ-दहा दिवस काहीतरी कमी जेवल्यासारखं वाटेल. त्या वेळी ताक प्या, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे खा, पण फरसाण नको.

आम्ही कोकणातले. भात सोडणं आम्हाला शक्य नाही.

सोडू नका. मासे-भात खाणाऱ्या कोकण-गोव्यातल्या माणसाच्या ताटात मासा हे उत्तम प्रथिन आधीच आहे. प्रश्न भाताच्या ढिगाचा. एक वाटी मोजून घ्या, माशाची तुकडी एकऐवजी दोन घ्या, शेजारी भाजी वाढवा. उकड्या तांदळाचा भात साध्या पांढऱ्या भातापेक्षा साखर थोडी सावकाश चढवतो, तेव्हा तुमच्याकडे तो मिळतो याचा फायदा घ्या. भात मऊ, गिचका करू नका. जितका जास्त शिजेल तितका लवकर पचेल. पेज प्यायची सवय असेल तर रोजची बंद करा. शिजवून गार केलेल्या भाताचा थोडा पिष्टांश पचायला अवघड होतो हे खरं, पण त्या आधारावर दोन वाट्या खाण्याइतका तो फरक मोठा नाही.

नाश्त्याला पोहे चालतील?

चालतील, पण बशीभर नुसते नकोत. पोहे म्हणजे चेपलेला तांदूळच. पन्नास ग्रॅम कोरड्या पोह्यांत ३८ ते ४० ग्रॅम कर्बोदकं. पोहे ३० ग्रॅमच घ्या, त्यात तेवढाच कांदा, मटार, भरपूर शेंगदाणे किंवा मोडाची मटकी घाला. उपमा आणि शिऱ्याच्या रव्यालाही हाच न्याय. इडली-डोशात सांबाराची वाटी मोठी हवी.

माझ्या मते आपले सगळ्यात चांगले नाश्ते आपण मागे टाकले आहेत. मुगाचं धिरडं, बेसनाचा पोळा, थालीपीठ (भाजणीत डाळी भरपूर असतील तर, आणि एकच), मोडाची उसळ लिंबू पिळून. अंडी खाणाऱ्यांना दोन अंड्यांचं आम्लेट आणि एक फुलका. चहा-बिस्किट, खारी, टोस्ट, पाव यांना नाश्ता म्हणू नये. अकरा वाजता परत भूक लागते ती त्यामुळेच.

चहात एक चमचा साखर तरी?

आधी मोजा किती कप होतात. दोन चमचे साखर, दिवसाला चार कप: चाळीस ग्रॅम साखर नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. दोनच कप आणि प्रत्येकी अर्धा चमचा इथपर्यंत हळूहळू या. दर आठवड्याला पाव चमचा कमी केला तर जीभ कुरकुरत नाही. चहासोबतचं बिस्किट आधी सोडा, ते सोपं आहे.

साखरेऐवजी गूळ, मध, खडीसाखर, खजूर?

रक्तातल्या साखरेसाठी जवळपास सारखंच. गुळात थोडी खनिजं आहेत, पण चमचाभर गुळातून मिळणारं लोह नगण्य. कोल्हापूरचा सेंद्रिय गूळ असला तरी तो उसाच्या रसातूनच येतो. ‘गुळाचा चहा चालतो’ म्हणून दोन कप जास्त पिणाऱ्यांना मी कळवळून सांगते, थांबा.

मग शुगर-फ्री गोळ्या?

त्यांनी साखर चढत नाही. पण वजन कमी करण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. चहाची साखर सोडताना महिना-दोन महिने वापरल्या तर हरकत नाही. ‘शुगर-फ्री’ मिठाई आणि बिस्किटांत मैदा, खवा, तूप असतंच, तेव्हा त्या शब्दाला भुलू नका.

फळं बंद करायची का? आणि हापूस?

अजिबात नाही. अख्खं फळ, चावून, दिवसातून एक-दोनदा. पेरू, पपई, संत्रं, मोसंबी, जांभूळ, सफरचंद उत्तम. केळं छोटं वेलची घ्या. चिकू, द्राक्षं, सीताफळ गोड असल्यामुळे कमी. फळांचा रस मात्र नको, घरी काढलेलाही नको. चार संत्र्यांचा रस आपण एका दमात पितो, चार संत्री कुणी एका बैठकीत खात नाही. उसाचा रस तर सोडाच.

मध्यम हापूसमध्ये २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एका पोळीएवढी. तेव्हा ज्या दिवशी आंबा, त्या जेवणात एक पोळी कमी. अर्धा दुपारी, अर्धा दुसऱ्या दिवशी, असंही करता येतं. आमरस-पुरीचा बेत वेगळा: दोन-तीन आंब्यांचा रस, वर साखर, सोबत तळलेल्या पुऱ्या, आणि नंतर झोप. मोसमात तो एकदा करा, मनापासून करा, पण दर रविवारी नको.

उपवासाच्या दिवशी काय खायचं?

उपवास करणाऱ्यांची साखर बरेचदा उपवासाच्या दिवशीच सगळ्यात जास्त असते. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा नाहीत. खिचडीच्या एका बशीला ७० ग्रॅम साबुदाणा लागला तर साठ ग्रॅम कर्बोदकं, त्यात बटाट्याची भर. दाण्याचं कूट थोडं सांभाळून घेतं, एवढंच.

त्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठाची छोटी भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची दही घालून कोशिंबीर, ताक, एखादं फळ. राजगिऱ्यात १३-१४ टक्के प्रथिनं असतात. भगर भाताइतकीच मोजून, वाटीभर. शिंगाड्याचा शिरा, रताळ्याचे गोड काप, बटाट्याचा चिवडा एकाच दिवशी मांडू नयेत. ज्यांना खरोखर निराहार किंवा फक्त ताक-पाण्यावर राहायची सवय आहे आणि ज्यांना साखरेची गोळी सुरू नाही, त्यांनी तसा उपवास करायला सहसा अडचण नसते. संध्याकाळी सोडताना मात्र ताट वर सांगितल्यासारखंच हवं.

दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत, किंवा किटो, करून पाहू का?

दोनदा जेवल्याने मधलं चहा-बिस्किट-फरसाण आपोआप सुटतं आणि बऱ्याच जणांचं वजन उतरतं. झेपत असेल तर चांगलं. पण त्या दोन जेवणांत चार-चार पोळ्या असतील तर काही साधत नाही, आणि प्रथिनं कमी पडली तर चरबीसोबत स्नायूही जातात; आपल्याकडे तर ते आधीच कमी.

किटोसारख्या, कर्बोदकं जवळपास बंदच करणाऱ्या टोकाच्या आहाराने साखर झपाट्याने उतरते, पण शाकाहारी मराठी घरात तो वर्षभर टिकवणारी माणसं मला फारशी दिसलेली नाहीत. प्रीडायबेटिसला त्याची गरज नाही. जो बदल दहा वर्षांनीही करत असाल, तोच निवडा.

आम्ही शाकाहारी. एवढी प्रथिनं आणायची कुठून?

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. दोन वेळची दाट डाळ-उसळ १६, दोन वाट्या दही किंवा दूध १० ते १२, मूठभर शेंगदाणे ७, पन्नास ग्रॅम पनीर ९, आणि धान्यातून येणारी १० ते १२. पन्नास ओलांडतात. आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या घातल्या तर आणखी सोपं. त्यांच्या पंचवीस ग्रॅममध्ये १३ ग्रॅम मिळतात. किडनीचा आजार असेल तर हा हिशेब तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारा.

आधी काय खायचं आणि नंतर काय, याने फरक पडतो का?

पडतो. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा वरण, शेवटी पोळी-भात, असं जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते हे छोट्या अभ्यासांतून दिसलंय. आणि जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. मांड्यांचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. शतपावली आपल्याकडे होतीच, ती टीव्हीसमोर हरवली. रात्रीचं जेवण साडेसात-आठपर्यंत आटपता आलं तर उत्तम.

कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड?

कारलं आणि मेथी भाजी म्हणून भरपूर खा. रस आणि पूड यांच्या भरवशावर पोळ्या तेवढ्याच ठेवू नका.

घरात माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार?

हा प्रश्न बहुतेक वेळा बायका विचारतात, आणि त्यावर थोडं थांबून लिहायला हवं.

पुष्कळ घरांत बाई शेवटी जेवते. तोवर उसळ संपलेली असते, कोशिंबीर तळाला गेलेली, आणि उरलेला असतो भात आणि सकाळची पोळी. ‘टाकवत नाही’ म्हणून ती तेच खाते. म्हणजे घरातलं सगळ्यात जास्त कर्बोदकांचं आणि सगळ्यात कमी प्रथिनांचं ताट तिचं. रिपोर्ट तिचा खराब आला तर दोष तिच्या गोड खाण्याला दिला जातो.

म्हणून वेगळा स्वयंपाक नको, सगळ्यांचाच बदला. डाळ दीडपट लावा, भाजी दुप्पट चिरा, कणीक कमी भिजवा, भाताचं माप वाटीने ठरवा. तुमच्या मुलांचाही धोका वाढलेला आहे, त्यांनाही हेच जेवण हवं. आणि जेवायला सगळे एकत्र बसा, किंवा स्वतःची उसळ आधी वाटीत काढून झाकून ठेवा. त्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

सणावारी, लग्नात काय करू?

गणपतीत एक मोदक, होळीला एक पुरणपोळी खा, पण जेवणाचा भाग म्हणून. त्या दिवशी भात आणि पोळी वगळा. पुरणात डाळ आहे म्हणून ती पौष्टिक समजून तीन खाऊ नका, गूळही तेवढाच असतो. दिवाळीचा फराळ घरात डबे भरून पंधरा दिवस राहतो, खरा त्रास त्याचा. कमी करा, वाटून टाका. लग्नाच्या पंगतीत आधी कोशिंबीर, भाजी, मठ्ठा.

ग्लुकोमीटर घेऊ का?

सक्तीचा नाही, पण दोन-तीन आठवड्यांपुरता फार शिकवतो. जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी मोजा. एक दिवस भाकरी-पिठलं, एक दिवस वरणभात, एक दिवस साबुदाणा. कुठल्या जेवणाने तुमची साखर किती चढते हे त्यातून कळतं, आणि ते माणसागणिक वेगळं असतं. यंत्राच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, तेव्हा १३८ आणि १४४ यांत अर्थ शोधत बसू नका. निदानासाठी मात्र लॅबचाच रिपोर्ट धरायचा.

परत तपासणी कधी? आणि गोळी लागेल का?

बदल सुरू केल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा, त्याआधी करून उपयोग नाही. नॉर्मलला आला तरी पुढे दर वर्षी एकदा. सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड पाहा, ही दुखणी एकत्र फिरतात.

मेटफॉर्मिनचा विचार डॉक्टर करतात तो वजन बरंच जास्त असेल, वय कमी असेल, गरोदरपणात साखर वाढली असेल, किंवा प्रयत्न करूनही आकडा चढत असेल तेव्हा. ती सुरू झाली तर हार मानल्यासारखं वाटून घेऊ नका आणि ताटही सैल सोडू नका. बरीच वर्षं घेतली तर बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी लोकांत ते मुळातच कमी असतं, म्हणून तेही तपासून घ्या.

सारखी तहान, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागणं, न ठरवता वजन उतरणं, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, जखम लवकर न भरणं, यातलं काही जाणवलं तर तीन महिने थांबू नका. त्याच आठवड्यात साखर तपासा आणि डॉक्टरांना भेटा.